लाल डब्यातला गॅस

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. लोक भेटले की खुनाच्या, दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मी सांगतो, आणि सांगताना माझा आवाज शांत असतो. पण एका केसबद्दल बोलायला लागलो की बायको न सांगता पाण्याचा ग्लास आणून समोर ठेवते. ती केस खुनाची नाही, दरोड्याची नाही. ती खेळण्यातल्या बंदुकांची आहे. हसू नका. आमच्या ठाण्यातही आधी सगळे हसलेच होते.

तेव्हा मी भिवंडी तालुक्यात ग्रामीण हद्दीतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. पडघ्याचा बाजार, महामार्ग, आतली गावं आणि दरवर्षी भातशेती गिळून उभी राहणारी नवी गोदामं, एवढा आमचा संसार. कोणाचंही नाव मी इथे देणार नाही. काही माणसं अजून त्याच रस्त्याने जातात-येतात, आणि काहींची नाव घ्यावं एवढी लायकी नाही.

सकाळची हजेरी घेऊन मी केबिनमध्ये बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी एका बाईचा आवाज चढला.

"माज्या सगल्या बंदुका मारल्यान त्यानी, आनि तुमी दात काय काढता?"

बंदुका हा शब्द ऐकून मी उठून बाहेर आलो. टेबलावर एक गोणी उपडी केलेली होती आणि तिच्यातून काळ्या प्लास्टिकच्या बंदुका बाहेर पडल्या होत्या. समोर पन्नाशीची एक शेतकरी बाई उभी होती. पदर खोचलेला, चेहरा रागाने लाल. अंमलदार तिला समजावत होता की मावशी, खेळणी बिघडली तर पोलिसात येत नाहीत, दुकानात जातात. मी अंमलदाराला गप्प केलं आणि बाईंना आत बसवलं.

दिघाशीच्या बाजूला त्यांची जमीन होती. भात न पिकणारा, माळासारखा एक तुकडा. त्यावर त्यांनी पेंटबॉलचं मैदान काढलं होतं. हा रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ. ठाण्या-मुंबईच्या ऑफिसातली माणसं सुट्टीला येतात, तोंडावर मुखवटे चढवतात, बंद पडलेल्या यंत्रमागांच्या जुन्या बिमांआड, म्हणजे सूत गुंडाळायच्या मोठ्या रुळांआड, आणि टायरांआड लपून एकमेकांवर रंग उडवतात, घामाघूम होतात आणि भाकरी-चिकन खाऊन जातात. बंदूक चालते गॅसवर. तिच्या मागे पाण्याच्या बाटलीएवढी लोखंडी बाटली बसवलेली असते, तिच्यात कार्बन डायऑक्साइड दाबून भरलेला असतो. बाटल्या संपल्या की टेम्पोतून काल्हेरच्या एका गॅसवाल्याकडे जायच्या आणि भरून परत यायच्या.

गेल्या काही महिन्यांपासून बंदुका अडकायला लागल्या होत्या. आतली रबरी रिंग फुगायची, झडप चिकटायची. आदल्या दिवशी एका मोठ्या कंपनीची माणसं आली होती. भर खेळात एकामागून एक बंदुका बंद पडल्या, आणि एका मुलीच्या हातातल्या बाटलीची झडप उघडीच राहिली. गॅस फुसफुसत बाहेर पडला. तो इतका गार असतो की चटका बसल्यासारखी कातडी जळते. मुलीच्या बोटांना लागलं. कंपनीवाल्यांनी तमाशा केला, व्हिडिओ काढला, पुढची सगळी बुकिंगं रद्द झाली.

"कोणावर संशय?" मी विचारलं.

"संशय कसला, सायब? मिस्त्रीनी केलान. माज्याकडंच ऱ्हातो, माजा भात खातो. सुट्टीवरनं भांडन झाला व्हता, त्याचा राग काढलान. बंदुकांत लूमचा तेल वततो तो. गॅसवाल्या शेटनी सोता मना सांगितलान."

हा मिस्त्री मूळचा उत्तर प्रदेशचा. तरुणपणी भिवंडीत आला आणि सगळं आयुष्य यंत्रमागावर काढलं. कारखाना बंद पडल्यावर या बाईंनी त्याला मैदानावर कामाला ठेवलं. बंदुका दुरुस्त करायच्या, रात्री राखण करायची. तो आणि त्याची बायको तिथल्याच पत्र्याच्या खोलीत राहायचे. म्हणजे नोकरी गेली तर छप्परही जाणार, आणि वर पोलीस केस. त्या वयात, कपाळावर असा शिक्का घेऊन त्याला भिवंडीत कोण दारात उभं करणार होतं?

मुलीला इजा झाली होती, जीव धोक्यात घालण्याचा प्रकार होता, त्यामुळे अदखलपात्र नोंद करून वाटेला लावण्यासारखी ही तक्रार नव्हती. गुन्हा नोंदवला आणि मिस्त्रीला चौकशीला बोलावलं. तो बोलावण्याआधीच येऊन बाहेर बाकावर बसला होता. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. त्याची बायको ठाण्यासमोरच्या झाडाखाली डबा घेऊन बसली होती.

चौकशी माझ्या फौजदाराने सुरू केली. हुशार पोरगा, पण फाईल बंद करायची घाई फार. थोड्याच वेळात तो हसत केबिनमध्ये आला.

"सर, कबूल झाला."

"काय कबूल झाला?"

"तेल घातलं म्हणतो. पहिल्याच प्रश्नाला. हातसुद्धा उचलावा लागला नाही."

मी मिस्त्रीला आत घेतलं. खुर्ची दिली तर बसेना. मी ओरडल्यावर बसला.

"तेल घातलंस?"

"डाला है, साहब. रोज डालता हूँ."

"कशासाठी?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, रोज जेवतोस कशासाठी. "लूम का कायदा है साहब. शिफ्ट खतम, तो मशीन को तेल देके घर जानेका. सूखा छोड़ के नहीं जाते. बंदूक भी तो मशीन है. शाम को पोंछता हूँ, दो बूँद देता हूँ, रख देता हूँ."

भिवंडीत ज्याने यंत्रमाग पाहिला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. तिथे तेल देणं हे काम नसतं, ती सवय असते, आंघोळीसारखी. अशा माणसाला तेल घातलंस का विचारलं तर तो हो म्हणणारच. आणि ज्या पोलिसाला फक्त हो ऐकायचं आहे, त्याचं काम तिथेच संपतं. माझ्या फौजदाराचं संपलं होतं. मला त्याचा राग आला आणि तो मी लपवला नाही.

"हाताला काय झालं?" मी मिस्त्रीला विचारलं.

"लडकी के हाथ में बोतल थी. छुड़ानी तो थी किसी को."

फडकं सोडायला लावलं. तळहातावर मोठे फोड होते. मुलीच्या बोटांना थोडक्यात लागलं होतं, कारण बाकीचा सगळा गॅस या हातावर गेला होता. सूड घ्यायला बंदुका बिघडवणारा माणूस गॅस ओकणारी बाटली उघड्या हाताने धरत नाही. हे समजायला पोलीस अकादमीत जावं लागत नाही. मी फौजदाराला सांगितलं की आधी याला दवाखान्यात ने, मग कबुलीचं बघू.

दवाखान्यातून आल्यावर मी परत विचारलं. "तेल बंदुकीत घालतोस ते समजलं. बाटलीत?"

"बोतल में कैसे डालूँगा, साहब? बोतल का मुँह सील होके आता है. मैंने ताई को बोला था, गॅस में कचरा है. ताई ने सेठ को फोन किया. सेठ ने उल्टा मुझे ही गाली दी."

बाई बाहेरच होत्या. मी विचारलं, हा असं बोलला होता का? त्या म्हणाल्या, "बोल्ला व्हता. पन शेट बोल्ला, का तो अडानी, त्याला काय कलतंय गॅसमंदला. शेटची येवढी मोठी कंपनी, म्हनून मी त्याचा आयकला." एवढं बोलून त्या मिस्त्रीकडे न बघता खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्याच दिवशी मैदानावर गेलो. सोबत दोन पंच घेतले, गावचे पोलीस पाटील आणि शाळेतले एक शिक्षक. बाई होत्या, मिस्त्रीही होता. काल्हेरहून नुकत्याच भरून आलेल्या बाटल्यांची पेटी कोपऱ्यात तशीच पडली होती, तोंडावर गॅसवाल्याच्या नावाचं प्लास्टिकचं सील. कोणी हात लावलेला नव्हता. पंचांना सील दाखवलं, पंचनाम्यात लिहून घेतलं. मग जमिनीवर पांढरं कापड अंथरलं, हातमोजे घातले आणि एक बाटली उलटी धरून झडप हळूच सैल केली.

आधी बर्फाच्या भुग्यासारखा पांढरा फवारा आला. इथवर ठीक होतं, हा गॅस असाच बाहेर पडतो. वाऱ्यावर भुगा उडून गेला आणि कापडावर काय राहिलं ते सगळ्यांनी वाकून बघितलं. तपकिरी, चिकट घाण. गंज, काळं तेल आणि त्यात पिठासारखी पावडर. दुसरी बाटली घेतली, तेच. तिसरी घेतली, तेच. शिक्षकांनी नाकाला रुमाल लावला.

इतका निर्लज्ज तरी असावा का कोणी, असं मी मनात म्हणत होतो. सीलबंद बाटलीत घाण विकायची आणि खापर फोडायचं ज्याच्या अंगाला तेलाचा वास येतो त्याच्यावर! पण घाण आली कुठून, हे मला अजून कळत नव्हतं. कार्बन डायऑक्साइड कारखान्यात तयार होतो, टँकरने येतो. त्यात पीठ कसलं?

काल्हेर आमच्या हद्दीत नाही, ते शहर पोलिसांकडे. रीतसर कळवायचं तर पत्रव्यवहार, आणि पत्र पोहोचण्याआधी बातमी पोहोचते, हा माझा सगळ्या नोकरीतला अनुभव. म्हणून फौजदाराला साध्या कपड्यात पाठवलं. गॅसवाल्याच्या गाळ्यासमोर एका बाईंची चहाची टपरी होती. त्याने तिथे बसून दोन चहा घेतले आणि सहज विषय काढला. त्या बाईंनी जे सांगितलं ते त्याने मला तसंच्या तसं ऐकवलं.

"गॅसची गाडी? ती तं मी कवाच न्हाय बगली. हितं नुसतं लाल डबं येतात. टेम्पो भरून येतात, संध्याकालच्याला टेम्पो भरून जातात. गॅसची गाडी न्हाय येत."

लाल डबे म्हणजे आग विझवण्याचे सिलिंडर. गोदामांना ते ठेवावेच लागतात आणि दरवर्षी भरून घ्यावे लागतात. गॅसवाल्याचा तोही धंदा होता. म्हटलं, असेल. एक माणूस दोन धंदे करतो, त्यात गुन्हा नाही. पण गॅसची गाडी येत नसेल तर तो भरतो काय? ही खबर मी डोक्यात ठेवली आणि गॅसवाल्याला नोटीस पाठवून बोलावलं.

तो आला पांढऱ्या कडक इस्त्रीत. आत शिरताच न सांगता खुर्ची ओढून बसला. मी चौकशीत कधी घाई केली नाही. सुरुवातीला माणसाला बोलू द्यायचं. जो खरा असतो तो मुद्द्याचं बोलतो. जो नसतो तो आपली ओळख सांगत सुटतो.

"सर, त्या मिस्त्रीने कबूल केलंय ना? मग मला कशाला त्रास?"

"कबूल केलंय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सर, भिवंडीत बातमी लपते काय?" तो हसला. "लूमवाले आहेत ते. जिथे तिथे तेल ओततात. माझा माल एक नंबर. कंपनीतून डायरेक्ट येतो."

"कोणत्या कंपनीतून? बिलं?"

"देतो ना सर, शोधून देतो. पण तुम्ही माझ्यावर संशय घेता याचं वाईट वाटतं. आमदारांच्या ऑफिसात माझा सिलिंडर आहे. तहसीलला आहे. अहो, तुमच्या भिंतीवर बघा ना." त्याने माझ्या डोक्यामागे बोट दाखवलं. "तो फायर सिलिंडर माझाच. दरवर्षी माझी माणसं येऊन भरून देतात. फुकट. पोलिसांकडून एक रुपया घेत नाही मी."

ही आमच्याकडची एक खोड आहे. माणूस अडचणीत आला की आधी आपली वट दाखवतो. कोणाकडे आपलं उठणं-बसणं आहे, कोणाला आपण काय फुकट देतो, हे सांगितलं की समोरचा नरम पडतो अशी समजूत. बहुतेक वेळा पडतोही. म्हणूनच ही खोड मेली नाही.

मी वळून भिंतीकडे बघितलं. लाल सिलिंडर, काळा भोंगा, त्यावर नवा कोरा स्टिकर. पुढच्या वर्षीपर्यंत चालेल असं लिहिलेलं, खाली याच माणसाच्या कंपनीचं नाव. या प्रकारच्या सिलिंडरला काटा नसतो. आत गॅस आहे की नाही, ते वजनावरूनच कळतं. मी फौजदाराला म्हटलं, काढ तो. त्याने दोन्ही हात लावले आणि तोल जाऊन मागे सरकला, कारण सिलिंडर रिकाम्या कळशीसारखा हलका निघाला.

गॅसवाल्याचं हसू तिथेच थांबलं.

आम्ही सगळे मागच्या अंगणात गेलो. त्यालाही नेला. पिन काढली, दट्ट्या दाबला. एक बारीक फुस्स झालं आणि संपलं. आमच्या ठाण्यात मुद्देमालाची खोली आहे, तिच्यात जप्तीचं रॉकेल असतं, कागदाचे गठ्ठे असतात. शेजारी कोठडी आहे, तिला बाहेरून कुलूप असतं. आत माणसं असतात. तिथे आग लागली असती तर आम्ही हा डबा घेऊन धावलो असतो.

त्या क्षणी मला टपरीवाल्या बाईंचे शब्द आठवले आणि सगळं एकदम जुळलं. गॅसची गाडी येत नाही कारण गॅस लाल डब्यांतूनच येतो. गोदामांचे सिलिंडर भरायच्या नावाखाली न्यायचे, त्यातला असलेला गॅस काढून घ्यायचा, नवा स्टिकर लावून रिकामा डबा भिंतीला परत. आणि काढलेला गॅस कुठे? तो बंदुकांच्या बाटल्यांत.

"याचा गॅस कुठे गेला?" मी विचारलं.

"सर, लीक झाला असेल."

मी आयुष्यात आरोपीवर हात उगारला नाही असं सांगणार नाही, पण त्या दिवशी उगारला नाही. खिशात हात घातले आणि मुठी आवळून उभा राहिलो. मग वरिष्ठांना फोन केला आणि शहर पोलिसांना, अग्निशमन दलाला, स्फोटक विभागाला सोबत घेऊन काल्हेर गाठलं. गॅसवाल्याला माझ्याच गाडीत बसवून नेला, म्हणजे फोन करायला मोकळा नको.

गाळ्यात शिरल्यावर काही विचारावं लागलं नाही. एका बाजूला लाल सिलिंडरांच्या रांगा. मध्ये भंगारातून आणलेला कंप्रेसर, त्याच्या सांध्यांतून काळं तेल गळतंय. त्याला जोडलेली एकच नळी. तीच नळी गॅसला, तीच नळी आग विझवायची पावडर भरलेल्या सिलिंडरांना. सिलिंडर पाणी भरून तपासायचे आणि आतून वाळवायचेच नाहीत, म्हणून आत गंज धरलेला. त्या गंजातून, पावडरीतून, तेलातून ओढलेला गॅस बाटल्यांत जायचा. आणि टेबलावर स्टिकरांचे गठ्ठे, पुढच्या वर्षाची तारीख आधीच छापलेली. कामाला दोन गडी होते. त्यांनी पंचांसमोर सगळी पद्धत करून दाखवली. त्यांना वाटत होतं, असंच भरतात.

रबराची रिंग फुगली म्हणून एक बाई ठाण्यात भांडत आली आणि तिच्या मागोमाग आम्ही या गाळ्यापर्यंत पोहोचलो. ती आली नसती तर ते डबे आजही भिंतींवर लटकलेले असते.

इथवरचा राग सुखाचा होता असं म्हणेन. चोर सापडला की रागालाही समाधान असतं. पुढचा राग वेगळा.

फसवणुकीची केस उभी करायची तर फसवले गेलेले लोक हवेत. म्हणून आम्ही गोदामं फिरलो. भिंतीवरचे सिलिंडर उतरवून वजन केलं. एकामागून एक हलके निघाले. मालकांना, मॅनेजरांना म्हटलं, तुमची फसवणूक झाली आहे, जबाब द्या. एकाने सांगितलं मालक परदेशी आहेत. दुसरा म्हणाला, आमचं ऑडिट होऊन गेलंय, आता कशाला उकरता. तिसऱ्या गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांवर हमाल दुपारचे झोपले होते, आत यायला एकच दार, तेही माल लावून अर्धं बंद. तिथला मॅनेजर मला म्हणाला, "सर, स्टिकर तर नवा आहे ना? आम्हाला इन्स्पेक्शनला तेवढंच लागतं."

मी त्याला विचारलं, आग लागली तर ही माणसं स्टिकर फवारणार आहेत का? तो म्हणाला, "तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

हो, लावून घेतलं. अजूनही लावून घेतो. यांची फसवणूक झालीच नव्हती. यांना गॅस नकोच होता, स्टिकर हवा होता, आणि तो स्वस्तात मिळत होता. कोणीही जबाब दिला नाही. हमालांना विचारलं तर ते मॅनेजरच्या तोंडाकडे बघायचे. सगळ्या प्रकरणात एकच फिर्यादी उरली, ती दिघाशीकडची बाई.

हे गॅसवाल्यालाही कळलं होतं. तो जामिनावर सुटला आणि त्याची माणसं बाईंच्या दारात गेली. नव्या परदेशी बंदुका देतो, नवा कंप्रेसर देतो. फक्त म्हणायचं की माझा गैरसमज झाला होता, तेल मिस्त्रीनेच घातलं. मिस्त्रीने तर ठाण्यात कबूल केलंच आहे, त्याला थोडी शिक्षा होईल, दंड आम्ही भरू. बाईंच्या दिराला हे पटलं. गावात चार लोकांना पटलं. मैदान बंद होतं, गवत वाढलं होतं, घरात कमाई नव्हती. आणि मिस्त्री काय, परका माणूस.

ही बातमी मला लागली तेव्हा मी धरून चाललो की केस गेली. मी बाईंना दोष देणार नव्हतो, पण मिस्त्रीच्या तोंडाकडे कसं बघायचं याचा विचार करत होतो. त्याचं ते पहिल्या दिवशीचं भाबडं "डाला है, साहब" स्टेशन डायरीत जाऊन बसलं होतं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही, पण बाईंनी शब्द फिरवून तशी साक्ष दिली असती तर तो अडकला असता आणि लाल डबेवाले सगळे सुटले असते.

दोन दिवसांनी बाई ठाण्यात आल्या. मागे मिस्त्री होता, हाताची पट्टी सुटलेली.

"सायब, मना पुरवनी जबाब द्याचा हाय."

"काय द्यायचाय?" मी जरा कडकच विचारलं.

"शेट नव्या बंदुका देतो बोल्ला. त्या नको मना. त्याची मानसं घरी आलती, काय काय बोल्ली, ता समदा लिवा. आनि मिस्त्रीनी मना गॅसचा आदीच सांगितला व्हता आनि मी त्याचा आयकला न्हाय, ता बी लिवा."

"हे लिहिलं की तुमच्यावरच प्रश्न येतील, ताई. कोर्टात वकील पिसं काढतो."

"काडू दे."

मी स्वतः बसून तो जबाब लिहिला. फौजदाराला समोर बसवून ऐकायला लावला. कबुली मिळाली की तपास संपतो असं मानणाऱ्या प्रत्येक पोराला मी पुढे ही केस सांगत आलो. माणूस हो म्हणतो तेव्हा तो नेमकं कशाला हो म्हणतो आहे ते बघा. आणि ज्याला हो म्हणायला लावणं सगळ्यांच्या सोयीचं आहे, त्याच्याकडे तर दोनदा बघा. त्या केसमध्ये गॅसवाल्याला मिस्त्री गुन्हेगार हवा होता, गोदामवाल्यांना हवा होता, माझ्या फौजदारालाही हवा होता. एवढ्या लोकांना एकच माणूस दोषी हवा असतो तेव्हा पोलिसाने सावध व्हायला हवं.

खटला चालायला वेळ लागला. मी तोवर निवृत्त झालो होतो, साक्षीला गेलो. शेवटी गॅसवाल्याला शिक्षा झाली ती मला फारच हलकी वाटली. एकाही गोदामवाल्याला कोणी कोर्टात बोलावलंसुद्धा नाही. त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही, नाहीतर पाण्याचा ग्लास यायचा.

बाईंची साक्ष मात्र मी बाकावर बसून ऐकली. आरोपीचा वकील मोठा होता, मुंबईहून आलेला. त्याने त्यांना शेती विचारली, शिक्षण विचारलं, मिस्त्रीशी झालेलं भांडण विचारलं, आधी मिस्त्रीचं नाव का घेतलं ते पुन्हा पुन्हा विचारलं. त्या घाबरल्या नाहीत, पण दमल्या होत्या. मग तो न्यायाधीशांकडे बघून हसत म्हणाला, "बाई, खेळण्यातल्या तर बंदुका तुमच्या. खोट्या बंदुका. त्या बिघडल्या म्हणून एवढा मोठा खटला? एवढं काय नुकसान झालं तुमचं?"

बाईंनी मागच्या बाकावर बसलेल्या मिस्त्रीकडे बोट केलं.

"बंदुका खोट्या व्हत्या, वकीलसायब. पन या मान्साला मी ठान्यात बसवला, तो खराखुरा बसवला."

वकील म्हणाला, याचा प्रश्नाशी संबंध नाही. न्यायाधीश म्हणाले, आहे, आणि लेखनिकाला ते वाक्य बाईंच्याच शब्दांत टाइप करायला सांगितलं.